पौर्णिमेला घेऊ नये

टिपणीसांच्या वहीत स्पष्ट लिहिलंय:
पौर्णिमेला फोटो घेऊ नये. सावल्या नसतात.
अष्टमीला घ्यावा, खड्ड्याखड्ड्याला तेव्हा काठ असतो.

दुर्बीण त्यांचीच. पार्ल्याहून आणली,
टेम्पोत, गोधडीत गुंडाळून.
सुनेने पैसे दोनदा मोजले
आणि वर ही वहीही दिली,
रद्दीत काय जाणार एवढीशी, म्हणाली.
आठ इंची आरसा, त्यांनी स्वतः घासलेला,
गॅलरीत पिंपाभोवती फिरत फिरत, सात महिने.

पण अष्टमीला मला नाइट होती,
आणि गच्चीची किल्ली रेगोंकडून आज मिळाली,
टाकी धुवायला उघडली होती म्हणून.
तर आज.

देवनारच्या धुरातून तो वर आला
तेव्हा गंजक्या पत्र्यासारखा होता. थांबले.
आठला पिवळा झाला, टाकीच्या कडेला टेकला,
आणि टाकीची दिवसभराची ऊब
त्याच्या काठावर हलत राहिली,
दूध वर येण्याआधी साय थरथरते तशी.
थांबले. डास चावले. आईचा फोन आला, जेवलीस का.
दहाला एकदाचा स्थिर.

शटलकॉकचा डबा कापून फोनला खोबण केलीय,
आतून काळा कागद, बाहेरून दोन रबरबँड.
पहिले चाळीस फोटो म्हणजे तांदळाची भाकरी.
फोनला वाटतं रात्र आहे, उजेड वाढवावा.
त्याला कोण सांगणार,
हा उन्हात पडलेला दगड आहे,
तिथे आत्ता भर दुपार आहे.
उजेड खाली ओढला. अजून खाली. अजून.
समोरची बिल्डिंग बुडाली, माझं बोट बुडालं,
मग दगड दिसला.

ससा उताणा, पाय वर.
मला त्याचं काही नाही. लॅबमध्ये ड्युटीभर
रक्ताच्या स्लाइड बघते, तिथेही सगळं उलटंच,
डावीकडे सारलं की उजवीकडे जातं.
हात चुकत नाही.
फक्त स्लाइड मी हलवते,
आणि हा दोन मिनिटांत आपला आपण चौकटीबाहेर.
तो नाही खरं तर. गच्ची निघालेली असते.
रेगो, रिकामी टाकी, अख्खं घाटला गाव
पूर्वेकडे लोटलं जातंय
आणि कुणाच्या उशाजवळचा पेला हिंदकळत नाही.

लल्लन वॉचमन वर आला, गच्चीत दिवा का नाही बघायला.
त्यालाही दाखवला.
बराच वेळ डोळा लावून होता,
मग काढला, आणि मान वर करून पाहिलं,
तोच आहे का.
काही बोलला नाही. जिन्यात विडी पेटवल्याचा वास आला.

मोबाइलच्या उजेडात वही चाळली.
ढग. ढग. धुरकट. वारा.
ढग. सौ. आजारी.
ढग.
मग दोन पानं कोरी, मग:
आकाश स्वच्छ. वर गेलो नाही.
हे वाक्य तीन वेळा, तीन तारखांना.
आणि शेवटी पेन्सिलीने, अक्षर जरा कललेलं:
पौर्णिमा. तरी घेतला.
खाली डिंकाचे चार डाग. फोटो नाही.

कुणी काढला, का त्यांनीच कुणाला दिला,
वहीत नाही.

दोनशे बारा फोटोंतला एक बरा आलाय.
काठ नाहीत, डोंगर नाहीत, टिपणीस बरोबर होते,
सगळं सपाट, परातीत थापल्यासारखं.
पण टायकोपासून पांढऱ्या रेघा निघाल्यात,
लांब, वेड्यावाकड्या, अर्ध्या चंद्रावर,
पीठ सांडून कुणी फुंकर मारावी तशा.
या अष्टमीला दिसत नाहीत.
हे त्यांना माहीत असणारच.
लिहिलं नाही.

डागांच्या खालची ओळ घेतली, निळ्या पेनने:
पौर्णिमा. धूर. लल्लनने पाहिला. एक बरा.
आरशावर शॉवर कॅप चढवली.
किल्ली सकाळी द्यायचीय,
सातच्या आत.